शेजाऱ्याने सांगितलेले पाणी

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिकात प्राचार्य वाळवेकर यांनी लातूर-नांदेडच्या प्रवासावर एक लेख लिहिला आहे. तो पुष्कळांनी वाचला आणि वाचून काहीजण माझे अभिनंदन करायला घरी आले. मी त्यांना चहा दिला आणि अभिनंदन परत केले. नांदेडच्या एका गल्लीतील सात घरे ज्याने वाचवली असे प्राचार्य लिहितात, तो भूमापक मी. मी ती घरे वाचवलेली नाहीत. ती घालवण्याच्या बेतात होतो. निंदा मला सहन होत नाही हे साऱ्या सांगलीला ठाऊक आहे. खोटी स्तुती त्याहूनही सहन होत नाही. म्हणून तोच प्रवास मी पुन्हा लिहीत आहे, आणि ज्यांना प्राचार्यांची शैली आवडते त्यांनी हा लेख येथेच सोडावा.

प्रवासाचे कारण साधे होते. पुढच्या महापुराची तयारी म्हणून आमच्या शहरात नागरिकांची एक समिती बसली आहे. गावाचा आराखडा कचेरीत न करता गल्लीत बसून करायचा असतो, कचेरी, महाविद्यालय, व्यापारी आणि रहिवासी यांनी एकाच कागदावर वाकून करायचा असतो, आणि मराठवाड्यात ते चालू आहे, असे कोणीतरी समितीला सांगितले. एक शहर पाण्यावाचून तडफडणारे, दुसरे पाण्यात सापडणारे. दोन्ही पाहून यावे असे ठरले. प्राचार्य गेले कारण त्यांना लिहिता येते. मी गेलो कारण मला मोजता येते. छत्तीस वर्षे मी भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजल्या. वयाच्या शहात्तराव्या वर्षी मराठवाड्याकडून पाण्याविषयी काही शिकावे लागेल असे मला मुळीच वाटले नव्हते, आणि हे मी समितीला जाण्यापूर्वी बोलूनही दाखवले होते.

लातूर : येळवसेची सकाळ

आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वेळा अमावास्या होती. तिथले लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सारे लातूर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जाते. ज्याचे शेत नाही तो ज्याचे आहे त्याच्याकडे जातो. कोणी परका उरत नाही.

आमचे यजमान शिवलिंगप्पा हे तुरीचे अडत व्यापारी, प्राचार्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे सासरे. पहाटे स्नान, इष्टलिंगाची पूजा, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि त्यानंतर आमच्यापुढे सुशीला नावाचा पदार्थ. आमच्या सांगलीत चुरमुऱ्याला पाणी लागले की तो वाया गेला असे समजतात. चुरमुरा कुरकुरीत हवा, भडंग त्याचीच होते. येथे तो मुद्दाम भिजवतात, पिळतात आणि कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात. मी तोंडात घास घालेपर्यंत नापसंतीच्या तयारीत होतो. नंतर दोन वेळा वाढून घेतले. प्राचार्यांनी तीन वेळा घेतले आणि लेखात त्याला ‘पोह्यांचा एक प्रकार’ म्हटले आहे.

न्याहारी चालू असतानाच समोरचे खाजाभाई आत आले. त्यांचे मोटारी रिवाइंड करण्याचे दुकान आहे. हातात सुतळीची गुंडाळी आणि तिच्या टोकाला बांधलेला एक जड लोखंडी नट.

“शरणार्थ, अप्पा. चला, तुमच्या बोअरचं बघू. बोअर बी तुमच्यासारखीच हाय. आत लई हाय, भायेर काई येत न्हाई.”

“आन् तुजी?” अप्पा पायात चपला सारीत म्हणाले. “तुज्या बोअरमदी पान्यापरीस तारच जास्ती.”

मी कुतूहलाने मागे गेलो. खाजाभाईंनी अप्पांच्या कूपनलिकेचे झाकण काढले, नट आत सोडला आणि कान तोंडाशी नेला. सुतळी पळत होती. आम्ही सारे श्वास रोखून उभे होतो. खोलवरून ‘टप्’ असा आवाज आला. त्यांनी सुतळीला चिमूट धरली, बाहेर काढून फळीवरच्या खुणांवर ताणली आणि वहीत आकडा लिहिला. अप्पा बाजूला हात बांधून उभे होते. त्यांनी सुतळीला हातही लावला नाही. मग सारे समोर गेले, आणि खाजाभाईंच्या कूपनलिकेत तोच नट अप्पांनी सोडला. आता खाजाभाई हात बांधून उभे.

“मालक स्वतः का मोजत नाही?” मी विचारले.

“मालकानं मोजलं की पाणी कमीच भरतं, सायेब,” अप्पा म्हणाले. “कमी सांगितलं की टँकर पयला आपल्या दारी. मी बी सांगितलं व्हतं ना खोटं! आगगाडीनं पाणी आलं त्या साली. ह्या खाजानं मला समद्या गल्लीपुढं उघडं पाडलं.”

“सा म्हैने बोलले न्हाईत माज्यासंगं,” खाजाभाई आनंदाने म्हणाले.

“न्हाईच बोललो. पर तवापासून माजं पाणी हा सांगतो, ह्याचं मी. आता आख्खी गल्ली तसंच करती.”

“आणि हा सणाचा दिवस कशासाठी?”

खाजाभाईंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी सूर्य कोठून उगवतो असे विचारले. “आज समदे शेतात जानार. पहाटंपासनं गावात एक मोटर चालू न्हाई. पाणी हलत न्हाई. आजचं पाणी खरं.”

संपूर्ण शहराचे पंप एका दिवशी बंद ठेवायचे, असा हुकूम मोठ्यातला मोठा अधिकारी काढू शकेल. तो पाळला जाणार नाही. या लोकांनी हुकूम काढलाच नाही. जो दिवस शतकानुशतके आपोआप रिकामा होत आला आहे तो त्यांनी मोजणीसाठी उचलला. गल्लोगल्ली अशाच जोड्या सुतळी घेऊन फिरत होत्या, आणि अध्यापक महाविद्यालयाच्या मुली त्यांच्या वह्यांतले आकडे उतरवून घेत होत्या. त्या आकड्यांवरून नवी कूपनलिका कुठे खणू द्यायची नाही हे ठरते, आणि कोणत्या छपरांचे पाणी कोणत्या आडात सोडायचे तेही. अप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक आड आहे. पूर्वी तो कचऱ्याने भरलेला होता. आता भोवतीच्या घरांच्या छपरांवरून नळ्या येऊन त्यात उतरतात. मी वाकून पाहिले. खाली, हिवाळ्यातही, आकाशाचा एक वाटोळा तुकडा हलत होता.

प्राचार्य लिहितात की ‘लोकसहभागाची पाश्चात्त्य संकल्पना येथे रुजू लागली आहे’. खाजाभाईंनी अप्पांना उघडे पाडले, ही संकल्पना कोणत्या दिशेची हे मला ठाऊक नाही. मला ती समोरच्या दारातून आल्यासारखी दिसली.

दहा वाजेपर्यंत लातूर ओस पडले. इतके मोठे गाव, रस्त्यावर एक रिक्षा नाही, एक दुकान उघडे नाही. अप्पांच्या शेतात कडब्याची कोप उभी केली होती. तिच्यात पूजा झाली, कानडी शब्दांची एक आरोळी देत माणसे ज्वारीच्या ताटांमधून आंबील शिंपडत धावली, आणि मग पंगत बसली. वालाच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची आणि साऱ्या भाज्यांची एकत्र शिजलेली घट्ट भज्जी, ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि मडक्यातली गार आंबील. खाजाभाईंचे सारे कुटुंब शेजारच्या चटईवर होते. त्यांच्या पत्नी अप्पांच्या पत्नीला मीठ कमी पडल्याचे ऐकवत होत्या, आणि अप्पांच्या पत्नी “मग पुढल्या साली तूच ये पहाटं चारला” असे उत्तर देत होत्या.

आंबिलीचे तीन पेले झाल्यावर मी कोपीत आडवा झालो. त्यानंतर पाहिलेल्या शेततळ्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण मी झोपलो होतो. प्राचार्य माझ्या शेजारीच घोरत होते. तरी त्यांनी शेततळ्यावर दोन परिच्छेद लिहिले आहेत.

नांदेडच्या वाटेवर

अहमदपूर, लोहा या वाटेने आम्ही नांदेडला गेलो. रस्त्याबद्दल एवढेच सांगतो की पठारावरून उतरणारी ती जमीन पाहताना मापकाचा डोळा स्वस्थ बसत नाही. प्रत्येक बांध, प्रत्येक ओघळ, तुरीची प्रत्येक ओळ गोदावरीकडे किंचित कललेली आहे. वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे ओढ्यांच्या काठाने रचून ठेवले होते. ते मी पाहिले आणि विसरलो. विसरायला नको होते.

नदीचे प्रथम दर्शन पुलावरून झाले. आमची कृष्णा गावाला ओळखते. वळसा घालते, घाटाशी थांबते. गोदावरी तशी नाही. तिचा विस्तार असा की पलीकडचा काठ हा दुसऱ्या कोणाचा मुलूख वाटावा. मी टोपी काढली. प्राचार्यांनी लिहिले आहे की माझी टोपी वाऱ्याने उडाली. वारा नव्हता.

नांदेड : उलट्या फ्लेक्सवरचा नकाशा

ज्या वस्तीत आम्हाला नेले तिचे नाव देत नाही. तिथल्या लोकांनी प्रसिद्धी मागितलेली नाही. नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठाने एकोणीस घरे. मध्ये एक रस्ता नाला ओलांडतो. रस्त्याच्या वरच्या अंगाला बारा घरे, खालच्या अंगाला, नदीच्या बाजूने, सात. मागच्या पावसाळ्यात या वस्तीत पाणी शिरले होते. पुन्हा शिरेल तेव्हा कोणी कुठे जायचे आणि कोणत्या घरांना तेथे राहू द्यायचे नाही, याचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. समाजमंदिराच्या फरशीवर तो पसरलेला होता: कोणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून, त्याच्या पांढऱ्या पाठीवर.

नगररचनेचे काम पाहणाऱ्या अभियंता तिडकेबाई आम्हाला समजावून देत होत्या. त्या पूर्वी लातूरला होत्या, आणि शेजाऱ्याच्या साक्षीची रीत त्यांनी तिथून येथे आणली होती.

“स्वतःच्या घरात पाणी किती आलं ते कोणी सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. “भरपाईची आशा असेल तर माणूस जास्त सांगतो, घर जाण्याची भीती असेल तर कमी. समोरच्यानं सांगायचं. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं. त्याच्या सांगण्यावरून भिंतीवर खूण, आणि नकाशावर त्याची सही.”

नियम असा ठरला होता की जेथे खूण जोत्याच्या वर असेल ते घर तांबड्या रेघेच्या आत. त्याला यापुढे दुरुस्तीची परवानगी नाही, आणि जागा मिळताच ते हलवायचे. वरची बारा घरे रेघेच्या आत गेली होती. खालची सात बाहेर राहिली होती, कारण तिथली खूण जोत्याच्या खाली होती. त्या सातांपैकी सर्वांत उंच जोत्याचे घर निवृत्त लाइनमन चाँदभाईंचे. पुराच्या वेळी गल्लीतल्या बाळंतिणी, म्हातारी माणसे आणि धान्य तिथे न्यायचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी वस्तीची सभा होती. सभेत रेघ कायम होणार होती.

आता माझे कृत्य सांगतो. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी मी प्रवासात बरोबर ठेवतो. तिच्यात पाणी भरले की दोन्ही टोकांना पातळी एकच असते, मध्ये भिंत असो की रस्ता. मी म्हणालो की या खुणा मी तपासतो. तिडकेबाईंनी हरकत घेतली नाही. वरच्या अंगाची बारा घरे तपासायला दोन तास लागले. एका खुणेवरून दुसरीवर पातळी नेत गेलो आणि थक्क होत गेलो. ज्यांनी आयुष्यात कधी मोजणीची फळी पाहिली नाही त्यांच्या बारा खुणा एकमेकींशी एका बोटाच्या फरकाने जुळत होत्या. माझ्या हाताखालच्या शिकाऊ मापकांकडून मला असे काम कधी मिळाले नव्हते.

मग नळी रस्त्यावरून पलीकडे नेली. खालच्या साती घरांच्या खुणा माझ्या पातळीपेक्षा हातभर खाली निघाल्या. हातभर! पहिली खूण चाँदभाईंच्या पायरीवरची; तिची साक्षीदार समोरच्या पिठाच्या गिरणीची मालकीण केवळाबाई. बाकीच्या सहा जणांनी आपापल्या शेजाऱ्यांच्या दिलेल्या खुणाही तिच्याच खुणेशी जुळत होत्या. मला सारे लख्ख दिसले. खूण हातभर वर सरकली तर साती घरे रेघेच्या आत जात होती. म्हणजे सात शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांची घरे वाचवली होती, आणि ज्या घराला कोरडे म्हणून बाळंतिणी पाठवायच्या त्यात पाणी शिरणार होते. प्राचार्य माझ्या कानाशी म्हणाले, “बापूसाहेब, पकडलंत!”

मी गिरणीच्या दारात गेलो आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “बाई, पाणी खोटे बोलत नाही. साक्षीदार बोलतात.”

केवळाबाईंनी गिरणी बंद केली. साठीच्या बाई, भुवयांवर पीठ. पट्ट्याचा आवाज थांबला.

“मी खोटी?”

“तुमची खूण खोटी.”

“त्या दिसी मी ह्या गिरणीच्या माळ्यावर बसून व्हते,” त्या म्हणाल्या. “माजी सून चाँदभाईच्या वट्ट्यावर, वल्लं बाळ घेऊन. आठ दिसाचं. मधी पाणी. सकाळपासून दुपारपस्तोर मी तिच्या पायाकडं बघून राहिले. पाणी तिसऱ्या पायरीला टेकलं आन् तिथंच थांबलं. तुमची नळी म्हनती हातभर वर. मंग माजी सून कुठं बसली व्हती? पान्यात?”

“स्मरण दगा देते,” मी म्हणालो.

चाँदभाई पुढे झाले. “साब, मैं बी वहींच था. बाईनं बरोबर सांगितलं.”

“तुमचेच घर वाचते आहे,” मी म्हणालो. ते मागे सरकले.

तिडकेबाईंनी मला बाजूला घेतले. आक्षेप कोणाचाही असो, नोंदवावाच लागतो, असे त्यांच्याच सभेने ठरवले होते. त्यांनी तो नोंदवला. आक्षेप टिकला तर खूण वर जाणार, सात घरे आत जाणार, आणि केवळाबाईंची साक्ष नकाशावरून पुसली जाणार.

प्राचार्य लिहितात की त्या संध्याकाळी मी ‘अस्वस्थ’ होतो. मी अत्यंत समाधानी होतो. गुरुद्वाऱ्यात जमिनीवर बसून जेवलो. डाळ, पोळी आणि खीर. वाढणारे हात हे पाहत नव्हते की पुढ्यात कोण बसले आहे. मग घाटावर बसून गोदावरीकडे पाहत मनाशी म्हणालो, म्हातारा झालो तरी डोळा शाबूत आहे.

सभेच्या आधी

सकाळी चाँदभाई आमच्या लॉजवर आले. “बाई बुलावतीय. नळी बी घेऊन या म्हणली.”

गिरणीपुढे उघडे गटार आहे, उताराचे. त्यात केवळाबाईंनी एक वीट उभी करून ठेवली होती आणि विटेच्या बाजूच्या फटीत पिठाच्या पोत्याचे फडके कोंबले होते. तिडकेबाईही येऊन उभ्या होत्या. बाई मला काही बोलल्या नाहीत, चाँदभाईंना म्हणाल्या, “वता.”

त्यांनी वरच्या अंगाने दोन बादल्या एकामागून एक ओतल्या. पाणी विटेशी आले, अडले आणि चढू लागले. विटेच्या वरच्या बाजूला ते वीतभर उभे राहिले. खालच्या बाजूला, फडक्यातून झिरपून, दोन बोटे पाणी गटारातून निवांत पळत होते.

“लावा तुमची नळी,” केवळाबाई म्हणाल्या.

मी लावली नाही. नंतर त्या मला रस्त्याच्या मोरीशी घेऊन गेल्या, जिथून नाला रस्त्याखालून जातो. काल मी नळी त्या रस्त्यावरूनच नेली होती. खाली वाकून पाहिले नव्हते. कोणा प्लॉट पाडणाऱ्याने पूर्वी घातलेल्या दोन सिमेंटच्या नळ्या, ज्यांतून एक शेळी अंग चोरून गेली तर जाईल. त्यांच्या तोंडाशी अजून वाळलेल्या पऱ्हाट्या आणि प्लास्टिकचा बुचका गच्च बसलेला होता.

“वरून पऱ्हाट्या वाहत आल्या, हितं बसल्या,” चाँदभाई म्हणाले. “वरलं पाणी रस्त्याच्या कडंला टेकलं, वर न्हाई आलं. खाली आमच्याकडं थोडं थोडं येत राहिलं. साब, तुमच्या गावात पाणी कसं येतं?”

“चढत येते,” मी म्हणालो. “नदीचे. दोन दिवस, तीन दिवस. साऱ्या गावात एका पातळीने उभे राहते.”

“हाव. तुमचं उभं ऱ्हातं. आमचं पळतं.”

मी मोरीच्या कठड्यावर बसलो. सांगलीचे पाणी मी आयुष्यभर पाहिले होते आणि तेवढेच पाणी असते असे धरून चाललो होतो. बारा खुणा खऱ्या होत्या. सातही खऱ्या होत्या. आणि त्या दोहोंतला हातभर फरक हीच त्या नकाशावरची सर्वांत मोलाची गोष्ट होती. ही मोरी पाणी किती फुगवते याचे ते नेमके माप होते. पुराच्या दिवशी तिथे यंत्र नव्हते, अभियंता नव्हता, मी नव्हतो. एकोणीस माणसे एकमेकांच्या पायऱ्यांकडे डोळे लावून बसली होती, आणि जे माप कोणत्याही यंत्राला पूर ओसरल्यावर मिळाले नसते ते त्यांनी डोळ्यांत जपून ठेवले होते. गोदावरी पाहून मी टोपी काढली होती. येथे काय काढावे ते मला कळेना.

तिडकेबाई खाली वाकून नळ्यांचे तोंड मोजत होत्या. “बाई, हे काल का नाही सांगितलंत? वरची बारा घरं या मोरीमुळं रेघेत गेलीत!”

“काल मला खोटारडी म्हनले. खोटारडीचं कोन ऐकतं?” केवळाबाई म्हणाल्या. “आदी माजं नाव साफ करा. मंग मोरी बघा.”

सभा

समाजमंदिर भरले होते. तिडकेबाईंनी माझा आक्षेप पहिला घेतला. प्राचार्य लिहितात की मी तेव्हा ‘मोरीतील दोष सभेच्या निदर्शनास आणून दिला’. मी काय बोललो ते शब्दशः देतो.

“काल मी केवळाबाईंना खोटे ठरवले. त्या खऱ्या आहेत. चूक माझी आहे.”

तीन वाक्ये. ती मी फरशीकडे पाहत बोललो, आणि मागून एक म्हातारा ओरडला, “सायेब, जोरात! हिकडं ऐकू येत न्हाई!” मला ती तिन्ही वाक्ये पुन्हा, जोरात, म्हणावी लागली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे एक वाक्यही मी उच्चारले नव्हते. केवळाबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि मान एकदाच हलवली.

मग मोरी. वरचे लोक म्हणाले, आजच उघडा. यावर चाँदभाई उठले. मोरी उघडली तर वरचे सारे पाणी खालच्या सात घरांवर येईल, हे त्यांनी सांगितले, आणि सभा दोन्हीकडून बोलू लागली. “तुमचं वाचलं म्हणून तुमी गप!” असे वरून, “तुमच्या पऱ्हाट्या आमी खाव्या का?” असे खालून. तासभर मी ते ऐकले. कचेरीत हा वाद वर्षभर फायलीत पडून राहिला असता. शेवटी केवळाबाईंनीच तोडगा काढला: आधी खालपासून नदीपर्यंत नाला मोकळा करायचा, तोवर मोरीला हात लावायचा नाही. नाला उपसायला वस्तीची माणसे, गाळ वाहायला बाजारातल्या अडत्यांचे ट्रॅक्टर, आणि नळ्या काढून रुंद मोरी बांधण्याचा प्रस्ताव तिडकेबाईंनी वर पाठवायचा. खालच्या सात घरांना बाहेर ठेवणारी रेघ शाईने पक्की झाली. वरच्या बारांची पेन्सिलीने काढली. मोरी रुंद होऊन एक पावसाळा गेला की ती पुन्हा पाहायची. प्रस्ताव मंजूर होईल की नाही, मला ठाऊक नाही. प्राचार्यांनी मोरी बांधून झाल्याचे लिहिले आहे.

सभा संपताना मी केवळाबाईंकडे गेलो आणि म्हणालो की तुमच्या खुणेखाली साक्षीदार म्हणून माझीही सही घ्या.

“तुमी व्हते का त्या दिसी?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“पाणी पाहिलं?”

“नाही.”

“मंग कशाची सही?” सारे हसले. मीही हसलो, थोड्या वेळाने. “बसा, भाकर खाऊन जा,” त्या म्हणाल्या, आणि ती मी खाल्ली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, चाँदभाईंच्या ओट्यावर. प्राचार्यांचा लेख ‘त्या ऐतिहासिक नकाशावर आमच्या बापूसाहेबांची स्वाक्षरी विराजमान आहे’ या वाक्याने संपतो. ती तिथे नाही. तिथे चाँदभाईंच्या घरापुढे केवळाबाईंचा अंगठा आहे.

परत आल्यावर आमच्या समितीने प्रत्येकाच्या घरातल्या पुराची उंची मागितली. मी माझी दिली नाही. शेजाऱ्याला विचारा असे कळवले. त्याच्याशी आमचे अकरा वर्षे बोलणे नाही. सामायिक भिंतीचा वाद आहे आणि त्यात मी बरोबर आहे. पण महापुराच्या दिवसांत तो त्याच्या गच्चीवर होता आणि माझे दार त्याला समोर दिसत होते. समितीची माणसे गेली, तो आला, माझ्या दाराच्या चौकटीवर त्याने खडूने खूण केली आणि काही न बोलता गेला. माझ्या मते ती खूण चार बोटे खाली आहे. पण मी घराचा मालक आहे. माझे मत विचारात घेऊ नये.